ठगाची गोष्ट ऐकून पोरं काय शिकली?

पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस आपला बाप आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांना नीट जागा मिळावी म्हणून बांधले, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे वाचनाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पोरगा पुस्तक घेऊन बसला की माय त्याला पाणी भरायलासुद्धा उठवत नाही. पण वाचलेले पुस्तक आपले काय करते, ते मिटल्यावर आपल्या तोंडून काय बाहेर पडते, याचा हिशेब आपण फारसा ठेवत नाही. मागच्या वर्षावासात हा हिशेब मला एका बारा वर्षांच्या मुलीमुळे मांडावा लागला. तो जसा घडला तसा सांगतो. यात माझी चूक आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

फुटपाथवरचे पुस्तक

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही केळापूर तालुक्यातली माणसे दरवर्षी नागपूरला जातो. दीक्षाभूमीवर वंदना झाली, पुस्तकांच्या स्टॉलवर हात मोकळा झाला, आणि परतताना सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाड इंग्रजी कादंबरी दिसली. नाव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब. लेखक फिलिप मेडोज टेलर, प्रथम प्रसिद्धी १८३९. इंग्रजीचा मला फार सराव नाही, पण घरी शब्दकोश आहे आणि चिकाटी आहे. घेतली.

एस.टी.त बसलो तेव्हाच पहिली पाने उघडली. बुटीबोरी गेले, जाम गेले, हिंगणघाट गेले. वडकीला शेजारचा माणूस उतरला तरी माझे लक्ष नव्हते. हा रस्ता नागपूरहून पांढरकवड्यावरून पुढे पाटणबोरीला जातो आणि पैनगंगा ओलांडून हैदराबादकडे. आज त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. दोनशे वर्षांपूर्वी नागपूर आणि हैदराबाद या दोन राजधान्यांच्या मधल्या अशाच वाटांवरून व्यापारी, यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई पायी नाहीतर घोड्यावर जात. या कादंबरीतले ठगही तेच प्रवासी हेरत फिरतात. त्यांच्या वाटेत आपले अमरावती येते, आपल्याच जिल्ह्यातले उमरखेड येते. आपल्या मातीचे नाव लंडनला छापलेल्या पुस्तकात पाहून गंमत वाटली. ती गंमत पुढच्या चार पानांत गेली.

अमीर अली बोलू लागतो

ही सगळी कादंबरी अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडाने सांगतो. तो तुरुंगात आहे, माफीचा साक्षीदार झाला आहे, आणि समोर बसलेल्या साहेबाला आपली जन्मकथा ऐकवतो आहे. लहानपणी तो आईबापांसोबत प्रवासाला निघाला होता. वाटेत इस्माईल नावाच्या गोड माणसाने ओळख वाढवली, पोराला मिठाई दिली. पुढे त्याच टोळीने आईबापांना गळा आवळून मारले. गणेशा नावाचा ठग पोरालाही संपवायला निघाला होता, पण इस्माईलने त्याला वाचवले आणि पोटच्या पोरासारखे वाढवले. अमीर अली मोठा झाला तो बापाचा मारेकरी असलेल्या माणसालाच बाप म्हणत, आणि त्याचाच धंदा शिकला.

धंद्याची रीत टेलरने बारकाईने दिली आहे. ठग सज्जन प्रवाशाच्या वेषात असत. कामे वाटलेली होती. गोड बोलून वाटसरूला जाळ्यात ओढणारे वेगळे, रुमालाने गळा आवळणारे वेगळे, आधीच खड्डा खणून ठेवणारे वेगळे. कधी कधी कित्येक दिवस सोबत प्रवास करायचा, एका चुलीवर जेवायचे, गाणी ऐकायची. मग एखाद्या रात्री नायकाने तंबाखू मागितला की तीच खूण. घुबड कुठल्या बाजूला ओरडले, ससा आडवा गेला का, असले शकून पाहिल्याशिवाय पाऊल पुढे नाही. नवख्याला गूळ खाऊ घालून दीक्षा. टोळीत हिंदू होते, मुसलमान होते. दोघेही एकाच भवानीचे नाव घेऊन फास टाकत. धर्म, जात, रोटीव्यवहार यांची सगळी बंधने खुनाच्या भागीदारीत बरोबर बाजूला पडत. हे वाचताना मला कडू हसू आले. जी माणसे एका विहिरीवर एकत्र येत नव्हती, ती एका खड्ड्याभोवती एकत्र येत होती.

पुस्तक भयंकर आहे, पण खाली ठेववत नाही. अमीर अली देखणा आहे, बोलका आहे, मित्राला जागणारा आहे, बायकोवर जीव टाकणारा आहे. वाटेत नवा प्रवासी भेटला की आपल्याला ठाऊक असते की हा मरणार. तरी पुढे कसे होते म्हणून आपण पान उलटतो. एके रात्री ठगांच्या मागावर शिपाई लागले होते, आणि माझ्या ध्यानात आले की अमीर अली निसटावा असे मला वाटते आहे. मी पुस्तक मिटले. उठून पाणी प्यालो. ज्याने इतकी माणसे मारली त्याच्या बाजूने मी मनातल्या मनात धावत होतो. इतके सामर्थ्य शब्दांत असते.

आणि या माणसाला पश्चात्ताप नाही. टेलरने प्रस्तावनेत सांगितले आहे की ज्या खऱ्या ठगाच्या जबानीवरून हे पुस्तक उभे राहिले, त्याने ७१९ खुनांत आपला हात असल्याचे कबूल केले होते. मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, याचीच त्याला हळहळ होती. कादंबरीत शेवटी शेवटी अमीर अलीला कळते की वाटेत मारलेल्या एका बाईच्या रूपाने त्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा जीव घेतला. तेव्हा तो हादरतो. पण बाकीच्या शेकडो बहिणींसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्या दुसऱ्यांच्या होत्या ना.

विहारातली अर्धी घटका

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाया-माणसे कामावरून येऊन, हातपाय धुऊन बसेपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्यात मुले धिंगाणा घालतात. त्यांना शांत बसवावे म्हणून मी गोष्टी सांगतो. ज्योतिबांच्या, सावित्रीमाईंच्या, बाबासाहेबांच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटले, आज तुम्हाला ठगाची गोष्ट सांगतो.

चार संध्याकाळी ही गोष्ट चालली. एरवी खांबाला लोंबकळणारी पोरे पुढे सरकून बसली. मी रुमाल काढून फास कसा पडतो ते दाखवले. तंबाखूची खूण आली की पोरे श्वास रोखून धरत. “मंग पुढं, काकाजी?” हे शब्द ऐकून मलाही चढले. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची नशा येते. चौथ्या दिवशी मी बोलता बोलता म्हणून गेलो की दक्षिणेकडे या ठगांना ‘फासीगार’ म्हणत.

आठवीतला एक मुलगा पटकन म्हणाला, “म्हंजे आपले फासेपारधीच ना, काकाजी?”

तेवढ्यात ग्रंथवाचनाची वेळ झाली. बाया आत येत होत्या. मी “नाही रे, ते वेगळे” एवढेच म्हटले आणि उठलो. ही माझी चूक. जे उत्तर अर्धा तास बसून द्यायला हवे होते ते मी चार शब्दांत उरकले.

आमच्या वस्तीच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला फासेपारध्यांचा एक लहान बेडा आहे. त्या बेड्यावरची एक मुलगी आमच्या मुलांच्या शाळेत येते, सहावीत आहे. बेड्यावरून इतक्या पुढे आलेली ती पहिलीच. पुढच्या आठवड्यात माझ्या धाकट्या मुलीने जेवताना सांगितले की ती पोरगी तीन दिवसांपासून शाळेत आली नाही. का, म्हणून विचारले तर खाली मान घालून म्हणाली, “पोट्टे तिले ठगीण म्हणते. तिच्या दप्तरात रुमाल हाय का म्हणून पायते.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ज्या पोरांच्या आज्याला गावात पाणी वरून ओतले जात होते, त्यांनीच एका लेकराला जन्मावरून गुन्हेगार ठरवले होते. आणि त्यांच्या तोंडात तो शब्द मी घातला होता.

“हे लिवलं कोनं?”

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे चालले. आमच्या घरच्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले, पण प्रश्न नेमका विचारतात. सगळी हकीकत ऐकून म्हणाल्या, “अहो, तो ठग बोलते म्हंता, पन हे लिवलं कोनं?”

मी कारकून माणूस. पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देतो. माणूस समोर बसून रडत रडत दहा गोष्टी सांगतो. कागदावर उतरतात त्यातल्या तीन, आणि त्याही ‘सविनय सादर’ होऊन. अंगठा त्याचा, शब्द माझे. हे रोज करूनही अमीर अलीची जबानी वाचताना माझ्या डोक्यात आले नाही की या अंगठ्यामागेही कोणी कारकून बसला असेल.

बसला होताच. टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. पुढे १८५३ च्या तहाने आपला वऱ्हाड आणि नळदुर्गाचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हा तो नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर झाला. माणूस वाईट नव्हता, लोकांत मिसळणारा होता. पण ही कादंबरी त्याने लिहिली ती इंग्लंडातल्या वाचकासाठी. छापखान्यातून निघणारे फर्मे राणी व्हिक्टोरियाने मागवून घेतल्याचे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. घरबसल्या अंगावर काटा यावा, आणि असल्या देशाला आपल्या सरकारचीच गरज आहे असे समाधान वाटावे, अशी दोन्ही कामे हे पुस्तक करते. अमीर अलीच्या समोर बसलेला साहेब सगळे ऐकतो. त्याला मात्र कोणी जबानी द्यायला बसवत नाही.

ठग नव्हतेच, असे मी म्हणत नाही. वाटेवर माणसे मारली गेली, प्रेते सापडली, हे खरे आहे. कर्नल स्लीमन याने १८३० च्या आसपास मोहीम उघडून त्यांचा बंदोबस्त केला. पण आजचे अभ्यासक एक भेद करतात. वाटमारी करणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांत नोकरी सुटलेले शिपाई होते, पोट न भरणारे शेतकरी होते, आणि त्यांच्या लुटीत वाटा घेणारे जमीनदारही होते. या सगळ्यांना मिळून देशभर पसरलेला, पिढीजात, देवीच्या आज्ञेने चालणारा एकच गुप्त पंथ ठरवणे ही बऱ्याच अंशी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आणि साहेबांच्या लेखणीतून तयार झालेली गोष्ट होती. फाशी चुकवायची असेल तर साहेबाला जे ऐकायचे ते सांगावे लागते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. तिचा कायदा झाला. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. कोणता खून, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. माफीच्या साक्षीदारांना जबलपूरला कुटुंबासह आवारात ठेवून त्यांच्या मुलांना सतरंज्या, तंबू विणायला लावले. आणि १८७१ साली ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ आला. गुन्हा माणूस करतो ही समजूत बाजूला ठेवून जमातच गुन्हेगार असते असे त्या कायद्याने ठरवले. जमातीचे नाव यादीत गेले की आईच्या पोटातले लेकरूही यादीत गेले. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट, हे सगळे त्यातूनच आले. सोलापूरची सेटलमेंट अजून लोकांच्या आठवणीत आहे. हा कायदा देशभरातून उठला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. भटके-विमुक्त बांधव हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी ते मोकळे झाले. कागदावर.

बाबासाहेबांनी बोट कुठे ठेवले

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून बाबासाहेबांचा ग्रंथ काढला. अस्पृश्य मूळचे कोण, याचा शोध घेणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४८ चे. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समाज शेजारी शेजारी ठेवले आहेत: सुमारे दोन कोटी गुन्हेगार म्हणवल्या जाणाऱ्या जमाती, सुमारे दीड कोटी आदिवासी आणि सुमारे पाच कोटी अस्पृश्य. या तिघांकडे बोट दाखवून त्यांनी प्रश्न केला तो हिंदू संस्कृतीला: ज्या संस्कृतीने इतकी माणसे अशा अवस्थेत निर्माण केली, तिला संस्कृती म्हणायचे तरी कसे? शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडातही याच विषयावर प्रकरण आहे आणि त्यात पेंढारी व ठग यांची चर्चा आहे. ठगांच्या क्रूरपणावर त्यांनी पांघरूण घातलेले नाही. पण दोष रक्तात शोधला नाही, व्यवस्थेत शोधला. माणसाला जगायला दुसरी वाट न ठेवता चोरी हीच त्याची वाट म्हणून मान्य करणारा समाज त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला.

मला लाज वाटली ती याची की बाबासाहेबांनी पारध्याला आणि आपल्याला एकाच पानावर बसवले होते, आणि माझ्या गोष्टीने त्याला पुन्हा वेगळ्या पंगतीला बसवले.

बेड्यावर

रविवारी आम्ही दोघे नवरा-बायको बेड्यावर गेलो. जाताना मनात धाकधूक होती. खरे सांगायचे तर निघताना मी पाकीट घरी ठेवले. वाटेत ते ध्यानात आले आणि स्वतःचाच राग आला. इतके वाचून, इतकी भाषणे देऊन हात आपोआप खिशाकडे गेलाच की.

मुलीच्या आजोबांनी बाज टाकली. मी घडले ते सांगितले, माफी मागितली. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन त्याने एक जुनी पिशवी आणली. तिच्यात दोरीचे बारीक फासे होते, खुंट्यांना बांधून ओळीने लावलेले. “हे फासे तितराचे,” तो म्हणाला. “हे लावरीचे. माणसाचे फासे आमच्याकडं नाई, बाबू.” १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तीही शिकार बंद झाली, आणि बदल्यात दुसरा धंदा कोणी हातात दिला नाही. कुठे मोटार चोरीला गेली, कुठे कापूस चोरीला गेला, की गाडी आधी बेड्यावर येते, हेही त्याने सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, पाऊसपाण्याबद्दल बोलावे तसे.

मुलगी दाराआड उभी होती. आमच्या घरच्यांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, “उद्या माही पोरगी तुले घ्याले येईन. दोघी संगं जा.” तेवढे एक वाक्य माझ्या सगळ्या माफीनाम्यापेक्षा कामाचे ठरले.

थांबलेला आणि न थांबलेला

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात विहारात वाचन अंगुलिमालाच्या प्रकरणापाशी आले. बाबासाहेबांनी पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या भागात ही कथा मुद्दाम घेतली आहे. मी भन्तेजींची परवानगी घेऊन त्या दिवशी मुलांना मोठ्यांबरोबरच बसवले.

कोसल देशातला हा दरोडेखोर. वाटसरूंना मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा. गावे ओस पडली होती. लोकांनी अडवले तरी तथागत त्याच वाटेने निघाले. तो मागे धावला, पण शांतपणे चालणाऱ्या बुद्धांना गाठू शकला नाही. थांब म्हणून ओरडला, तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की मी केव्हाच थांबलो आहे, थांबायचे आहे ते तुला. आणि तो थांबला. हत्यार टाकले, भिक्षू झाला. राजा प्रसेनजित घोडदळ घेऊन त्याला पकडायला निघाला होता; त्याला बुद्धांनी शेजारी बसलेला भिक्षू दाखवला. पुढचा भाग मुलांना मी सावकाश सांगितला, कारण तो फार मोलाचा आहे. गावात भिक्षेला गेल्यावर अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले, डोके फुटले, चीवर फाटले. बुद्धांनी त्याला सहन करायला सांगितले. केलेल्या कर्माचे फळ त्याला भोगावे लागलेच. माफ झाले म्हणून मेलेली माणसे परत येत नाहीत. पण बाळंतपणात अडलेल्या एका बाईला पाहून त्याच अंगुलिमालाचे काळीज कळवळले, असे मज्झिम निकायातल्या सुत्तात आहे.

मी मुलांना विचारले, “अमीर अली आणि अंगुलिमाल, दोघांनीही माणसे मारली. मग फरक काय?”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तोच आठवीतला मुलगा म्हणाला, “अंगुलिमाल थांबला. अमीर अलीले पकडलं.”

यापेक्षा चांगले उत्तर मलाही देता आले नसते. अमीर अली शेवटपर्यंत थांबत नाही, तो फक्त पकडला जातो. म्हणून त्याची जबानी ऐकताना आपल्याला धक्का बसतो, पण बळ मिळत नाही. आणि अंगुलिमालाच्या कथेत बुद्ध त्याची जात विचारत नाहीत, बापाचा धंदा विचारत नाहीत. तू काय केलेस आणि आता काय करणार आहेस, एवढाच हिशेब.

मग मी मुलांना लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’बद्दल सांगितले. हे आत्मकथन १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरकडच्या धनेगावात, चोर म्हणून शिक्का बसलेल्या उचल्या जमातीत जन्मलेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने लिहिले. त्यात चोरी लपवलेली नाही. खिसे कसे कापतात, पोलीस कसे मारतात, सगळे आहे. पण ते वाचून त्या जमातीची भीती वाटत नाही, त्या भुकेची वाटते. टेलरच्या पुस्तकातला ठग साहेबापुढे बसून बोलतो. गायकवाडांना कोणा साहेबाची गरज पडली नाही. लेखणी कोणाच्या हातात आहे यावर एवढा फरक पडतो. आपल्या लेखकांनी आत्मकथने का लिहिली, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

आईबापांसाठी दोन शब्द

काही मंडळींनी मला सल्ला दिला की असली पुस्तके मुलांपुढे आणूच नयेत. मला ते पटत नाही. वाईट माणसाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट वाचायला हवी. आपल्या डोक्यात वाईटपणाला जागा किती सहज मिळते, हे तिच्याइतके दुसरे काही दाखवत नाही. ठग वाटसरूला मारतो तो आधी त्याच्याशी गोड बोलून. पुस्तकही तसेच गोड बोलते. म्हणून सावध राहून वाचायचे.

आमच्या घरी आता एक रीत पडली आहे. कोणीही गोष्ट वाचली, सिनेमा पाहिला, टी.व्ही.वर गुन्ह्याचा कार्यक्रम पाहिला, की जेवताना तीन प्रश्न विचारायचे. बोलतो कोण? लिहिले कोणी? आणि हे ऐकून आपल्या शेजारच्या कोणाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागलो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर पुस्तक मिटवून आधी त्या शेजाऱ्याच्या घरी जायचे.

ती मुलगी शाळेत येते आहे. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. मागच्याच महिन्यात वर्गात कोणाचा तरी कंपास हरवला, आणि पहिल्यांदा तपासले गेले ते तिचेच दप्तर. पण या वेळी आमच्या वस्तीतली चार पोरे उठून उभी राहिली आणि आपापली दप्तरे पुढे करून म्हणाली, आमचीही तपासा. कंपास खिडकीत सापडला.

टेलरचे पुस्तक माझ्या कपाटात आहे. एका बाजूला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, दुसऱ्या बाजूला ‘उचल्या’. अमीर अलीला मी मुद्दाम त्या दोघांच्या मध्ये बसवले आहे. वाचायचेच असेल कोणाला, तर तिन्ही घेऊन जा. एकटा त्याला मी देत नाही.